तीन गाठींची बाटली

भोकर तालुका
५ ऑगस्ट २०२४

मालूबाई,

साखराचा रामराम घे. तुझा कागद येऊन महिना झाला. जवाब द्यायला फुरसत भेटली न्हाई, रागावू नको.

फोन कर म्हनून तू दर बारीला लिहितेस. फोन हाय सुनेचा, शिल्पाचा. त्याच्यावर बोलायला बसलं की शेजारची गुणाबाईसुदीक कान देऊन ऐकती. तुझे वडील आमच्या गावच्या शाळंवर मास्तर व्हते, त्यांची बदली लातूरला झाली आन तू सातवीतून गेलीस, तवापासून आपला कागद चालू हाय. आता कुठं सोडावं? सारे कागद माझ्या लेकाच्या, रामकिशनच्या पत्र्याच्या पेटीत हायत.

आता ज्याच्यापायी लिहून राहिले ते सांगते. शिल्पानं बचतगटाच्या बाया घेऊन मोसंबीचा रस काढायची शेड टाकली, हे तुला मालूम हाय. रस जातो नांदेडला. साली राहतात मागं. आता आंबे बहाराची मोसंबी उतरायला लागली, रोज दोन-अडीच क्विंटल साली. शेडमागं ढीग. तो सडतो, माश्या लागतात, पानी वैजनाथच्या वाड्याकडं वाहतं. वैजनाथ म्हंजे आमच्या भावकीतला, माझ्या धाकट्या दिराचं पोरगं. त्यानं एक मेच्या ग्रामसभेत अर्ज दिला. सभेनं मुदत दिली, दोन ऑक्टोबर. तवर ढीग हलला न्हाई तर शेड बंद.

वैजनाथचं चुकलं असं मी म्हनत न्हाई. वास मलाबी येतो.

पर मालू, शेड बंद झाली तर शिल्पा राहत न्हाई. रामकिशन गेल्यावर तिचा बाप न्यायला आला व्हता धर्माबादहून, तवा ती न्हाई गेली. म्हनली, माझं काम हाय इथं. आता परवा म्हनली, काम न्हाई राहिलं तर मी कुनासाठी राहू आत्या? म्यां म्हनलं, माझ्यासाठी. ती भाकऱ्या थापत राहिली.

तू मोसंबीच्या सालीवरच पीएचडी केलीस ना? पेढे धाडले व्हते तू. तवा मी हसले व्हते की सालीवर काय शिकायचं. आता माफी मागते. त्या सालीचं काही व्हतं का सांग.

साखरा

◆

लातूर
१० ऑगस्ट २०२४

प्रिय साखरा,

सालीवर काय शिकायचं म्हणून हसलेलीस, ते माझ्या लक्षात आहे. पाच वर्षं घातली मी त्यात. तो प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून आहे आणि आजवर तो कुणी मागितल्याचं मला माहीत नाही. तू पहिली. त्यामुळे माफ केलं.

तुझं पत्र वाचलं आणि आधी शाळेमागची विहीर आठवली. तुझ्या आज्यानं लावलेलं मोसंबीचं झाड, काठावर वाकलेलं. आपण सालीला कात्रीनं दातरे पाडून ओठांत धरायचो आणि बाबा फळ्याकडून वळले की एकदम दात दाखवायचो. त्यांनी एकदाच शिक्षा केली, तीही तुला. मास्तरांच्या मुलीला सोडलं म्हणून तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. ते आठ दिवस फार वाईट गेले बघ.

आता कामाचं. सालीच्या पिवळ्या भागात बारीक बारीक थेंबांत तेल असतं. साबणाला, अगरबत्तीला लागतं. आतल्या पांढऱ्या गरात पेक्टिन असतं, म्हणजे ज्यानं जाम घट्ट होतो ते. ते पुढच्या वर्षी बघू. आधी तेल.

तुझ्याकडचा तांब्याचा मोठा बंब घे. सालीचे तुकडे कर, बुडतील इतकं पाणी घाल. झाकणाची फट भिजवलेल्या कणकेनं लिंप. झाकणातून नळी काढ, ती थंड पाण्याच्या टिपाडातून फिरवून खाली बरणीत सोड. खाली मंद जाळ. वाफ जाईल, नळीत थंड होऊन पाणी होईल, आणि त्या पाण्यावर तेल तरंगेल. तेवढं वरचं अलगद काढून घे. एक क्विंटल सालीला जेमतेम पाव लिटर निघेल, म्हणून निराश होऊ नकोस. उरलेला चोथा वाळवून म्हशींना चालतो. म्हणजे ढीग उरतच नाही.

तीन तऱ्हांनी करून बघ आणि प्रत्येकाची एक छोटी बाटली मला पाठव. कोणती कशी केली ते लिहू नकोस, माझं मत निर्मळ राहू दे. मी विद्यार्थ्यांची परीक्षा अशीच घ्यायची. बाटल्यांना दोऱ्याच्या गाठी मार : एक, दोन, तीन. व्यंकटराव नावाचा माझा जुना विद्यार्थी इथे साबण करतो. मी हो म्हटलं की तो घेईल.

शिल्पाला सांग, मावशी आहे लातूरला.

तुझी
मालू

◆

भोकर तालुका
२४ ऑगस्ट २०२४

मालूबाई,

गुणाबाईची लेक लातूरला नांदती, तिच्याबरोबर बाटल्या धाडल्या हायत. गाठी मोजून घे. कोनती कशी केली ते लिहीत न्हाई, तुझा हुकूम हाय.

पहिल्या दिशी काय झालं सांगते. नळीतून पहिली धार आली, वर तेलाचा तवंग. शिल्पा चमचा घेऊन बसली. म्यां म्हनलं, थांब. आपल्यात पहिलं जे निघतं ते देवीचं. म्हशीचं पहिलं दूध असो का जवारीचं पहिलं कनीस. तेवढं तेल घेतलं आन देवघरात माहूरच्या रेणुकामायच्या तसबिरीपुढं वात लावली. मालू, ती वात अशी भडकली की माझ्या भुवया गेल्या. तसबिरीची काच काळी. रामकिशन गेल्यापासून शिल्पा पहिल्यांदा पोट धरून हसली. माझ्या भुवया गेल्या त्या गेल्या, पर तिला हसताना पाहिलं.

आता गटाच्या आठी बाया बंबाभवती बसून राहतात. कोन जाळ पाहती, कोन कनीक मळती. शिल्पा तुझा कागद खांबाला चिकटवून ठेवती आन कोनी काही इचारलं की म्हनती, मॅडमनं काय लिहिलंय ते बगा.

तुझा जवाब येईल तसं मोठं काम चालू करतो. दोन ऑक्टोबरला चाळीस दिस बी उरले न्हाईत.

साखरा

◆

लातूर
२८ ऑगस्ट २०२४

प्रिय साखरा,

भुवयांबद्दल वाचून हसले आणि मग घाबरले. हे तेल चटकन पेट घेतं, हे मी लिहायला हवं होतं. चूक माझी. विस्तवापासून लांब ठेवा.

बाटल्या मिळाल्या. तिन्ही उजेडात धरून पाहिल्या. एका गाठीची जराशी गढूळ आहे. दोन गाठींची तपकिरी, म्हणजे जाळ जास्त झाला. तीन गाठींची पाण्यासारखी नितळ. वास प्रसन्न. तीच निवड. ती जशी केली तशीच सगळी करा.

व्यंकटरावला सांगितलं. दोन-दोन लिटरचे दोन डबे तो घेतो म्हणाला. माझ्या शब्दावर घेतोय, तेव्हा सगळं तीन गाठींसारखंच असू दे.

घाईत लिहितेय.

मालू

◆

भोकर तालुका
१४ सप्टेंबर २०२४

मालू,

व्यंकटरावनं दोनी डबे परत धाडले. झाकन उघडलं आन बंद केलं म्हने. चिठ्ठीत लिहिलंय, मॅडमचा मान ठेवून जास्त लिहीत नाही, पण हा माल साबणात घालता येत नाही.

आता सांगते कोनती बाटली कशी व्हती. एक गाठ, त्याच दिवसाच्या ताज्या साली, मंद जाळ. दोन गाठी, ताज्या साली, पर चिंचेच्या लाकडाचा मोठा जाळ. तीन गाठी, चार दिस पोत्यात राहिलेल्या साली. ती उगं बघावं म्हनून केली व्हती, कारन ढिगात तशाच जास्त. तिला आंबूस वास व्हता, मालू. आंबलेल्या ताकात बुरशीचं पोतं बुडवल्यासारखा. गुणाबाईनं नाकाला पदर लावला व्हता.

आन तू लिहिलंस, वास प्रसन्न.

मला तवाच खटकलं. म्यां शिल्पाला म्हनलं, हे काही ठीक न्हाई. ती म्हनली, आत्या, आपल्या नाकाचं काय घेऊन बसलाव, त्यांनी पाच सालं ह्याच्यात घातली. मीबी गप बसले. सातवी शिकलेलं नाक माझं, ते पीएचडीसमोर कसं बोलनार? आठी बायांना वास येत व्हता आन आठी बाया गप बसल्या. तुझ्या कागदापायी आम्ही सोन्यासारख्या ताज्या साली चार-चार दिस पोत्यात भरून ठेवल्या. ढीग कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला. आता वैजनाथ सांगत फिरतो की दोन तारखेची बी वाट कशाला पाहायची.

शिल्पानं खांबावरचा तुझा कागद काढला. फाडला न्हाई, घडी करून मला दिला. फाडला असता तर बरं वाटलं असतं.

तू वास घेतला व्हता का न्हाई, एवढंच सांग. का बाटली उघडायचीबी फुरसत न्हाई भेटली तुला?

साखराबाई

◆

भोकर तालुका
२१ सप्टेंबर २०२४

मालू,

तुझा जवाब न्हाई. पोस्टमन रोज हात हालवून पुढं जातो.

शेड बंदच हाय समज. बंब उपडा पडलाय. शिल्पाचा बाप तीन तारखेला येतो म्हनला.

काल रागारागात पेटी उघडली. म्हनलं हिचे सारे कागद चुलीत घालावे. मग वाचत बसले. तू कॉलेजात लागलीस तवाचा कागद, त्यात लिहिलंयस की प्रयोगशाळेच्या दाराशी उभं राहून, डोळे मिटून सांगते आत कोनती बाटली उघडी हाय. इरा झाली तवाचा, बाळाच्या टाळूला दुधाचा आन वेखंडाचा वास येतो म्हनून. तुझ्या आईच्या गोधडीचा, गंजगोलाईतल्या गुळाच्या दुकानाचा, गाडीतून उतरल्यावर रानातल्या ओल्या कडब्याचा. तुझा एक कागद असा न्हाई ज्याच्यात वास न्हाई. मी सुनेला म्हनायची, ही मालू डोळ्यानं कमी बगती, नाकानं जास्त.

आन रामकिशन गेला त्या सालापासून पुढं न्हाई. एकाबी कागदात न्हाई. साडेतीन सालं. म्यां दोनदा वाचले. सगळं दिसतं लिहितेस, ऐकू येतं ते लिहितेस. वास एकदाच लिहिलास, "प्रसन्न". असा शब्द तू आधी कवा लिहिला व्हतास का? असं कोन बोलतं?

मालू, तुझ्या नाकाला काय झालं?

साखरा

◆

लातूर
२३ सप्टेंबर २०२४

साखरा,

तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. पहिल्याला उत्तर लिहायला चार वेळा बसले आणि चार वेळा फाडलं. आज सकाळी तुझं दुसरं आलं, ते दारातच उभ्यानं वाचलं.

नाक गेलं, साखरा. एप्रिल एकवीसमध्ये मला ताप आला, दुसऱ्या लाटेत. आठ दिवसांत बरी झाले. नवव्या दिवशी चहा केला, तो नुसतं गरम पाणी लागला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात येईल परत. मग म्हणाले वर्षभरात. नंतर मी विचारणं सोडलं.

बाटल्या उघडल्या होत्या मी. तिन्ही. एक एक करून नाकाशी धरल्या, खिडकी लावून, पंखा बंद करून. मला वाटलं होतं, ज्यावर पाच वर्षं घातली तो वास तरी ओळखेल मला. काही नाही. मग उजेडात धरल्या आणि सगळ्यात नितळ होती ती निवडली. आंबलेल्या सालीचं तेलही निथळून नितळ दिसू शकतं, हे मला माहीत होतं. माहीत असून लिहिलं. मला येत नाही, एवढं लिहायला जमलं नाही. खोटं लिहिणं सोपं गेलं. आणि शिल्पानं तो कागद खांबाला लावला.

तुला का नाही सांगितलं ते ऐक. माझा ताप उतरला त्याच दिवशी तुझं कार्ड आलं, "रामकिशन गेला" एवढं एकच वाक्य. तुझा चौतीस वर्षांचा मुलगा त्याच तापानं नेला होता. मी तुला काय लिहिणार होते? की माझा वास गेला? मला लाज वाटली. मग एक महिना गेला, एक वर्ष गेलं, आणि न सांगण्याचीच सवय झाली. इरालाही सांगितलं नाही. एकदा गॅस सुरू राहिला होता, शेजारच्या पुनमनं येऊन बंद केला. मी तिला सर्दी झाली म्हणाले.

दर दिवाळीला तू गावाला बोलावतेस आणि मी काही तरी कारण देते. गुडघे, इराचं काम, गाडी चुकली. खरं कारण सांगते. माझं ते गाव सगळं वासाचं आहे. तुझ्या आईच्या चुलीचा धूर, बाबांच्या खडूचा, विहिरीच्या शेवाळाचा. मी तिथे आले आणि काहीच आलं नाही तर मग ते गाव होतं की नव्हतं, अशी भीती वाटते.

आता माझं दुःख बाजूला ठेव. हे पत्र पोचेल तेव्हा सहा दिवस उरतील. एक गाठ. ज्या दिवशीच्या साली त्याच दिवशी, मंद जाळावर. गढूळपणा म्हणजे नुसतं पाणी आहे, दोन दिवस ठेवलं की खाली बसेल. जुना ढीग शेतात खड्डा करून पुर, वर माती आणि शेण. माझं रसायनशास्त्र घे, पण नाक तुझं वापर. तुझं सातवीचं नाक बरोबर होतं आणि माझी पीएचडी चुकली, हे शिल्पाला वाचून दाखव. आठही जणींना वाचून दाखव. चूक माझी होती, एवढं व्यंकटरावलाही मी आज दुपारी स्वतः जाऊन सांगितलं. तो उठून उभा राहिला.

शिल्पा गेली तर ते माझ्यामुळे. हे मला सहन होणार नाही.

मालू

◆

भोकर तालुका
४ ऑक्टोबर २०२४

मालू,

आधी भांडते, मग बाकीचं. रामकिशनसाठी मी रडायची तवा तुझ्यासाठीबी रडले असते. रडन्याला काय शेर-पायली हाय का, की त्याच्यापायी संपलं आन तुझ्यासाठी उरलं न्हाई? साडेतीन सालं एकटी बिनवासाचा चहा पीत बसलीस. मला लई राग आला. अजून हाय.

आता ऐक. तुझा कागद सव्वीसला दुपारी भेटला. म्यां शेडमंदी आठींना बोलावून वाचला. शिल्पा खाली मान घालून ऐकत व्हती. शेवटी गुणाबाई म्हनली, म्हंजे आपल्याला येत व्हता तो खराच येत व्हता. आन साऱ्या एकदम बोलायला लागल्या, मला येत व्हता, मलाबी येत व्हता. शिल्पा उठली आन बंब सरळ केला.

सहा दिस कोनी घरी जेवलं न्हाई. जुना ढीग माझ्या खालच्या रानात खड्ड्यात घातला, वर शेणकाला. इकडं दोन बंब चालू, सकाळच्या साली सांजंपर्यंत खलास. मी नळीच्या तोंडाशी पाट टाकून बसले. ह्या बाया दर बरनी आनून माझ्या नाकाला लावनार आन मी हाव न्हाईतर न्हाई म्हननार. दोन बरन्या फेकल्या. शिल्पा म्हनली, आत्या, चांगलं तर हाय. म्यां म्हनलं, करपट हाय, ओत. माझ्या जिंदगीत कोनी माझ्या एका शब्दावर काही ओतलं नव्हतं.

एक बाटली घेऊन शिल्पा लातूरला व्यंकटरावकडं गेली. त्यानं वास घेऊन नव्या मालाचे डबे घ्यायचं कबूल केलं. तुझ्याकडं यायची व्हती, पर परतीची शेवटची गाडी धरायची व्हती.

दोन तारखेला सभा. सारे पारावर. वैजनाथ उठला. म्हनला, ढीग न्हाई, माश्या न्हाईत, खरं हाय. पर आता दिवसभर घरात मोसंबीचा वास येऊन राहिला, लेकरं जेवताना म्हनतात सरबत दे. सारी सभा हसली. तोबी हसला, मग म्हनला, अर्ज मागं घेतो, चोथा मातर आधी माझ्या म्हशींना. सरपंचानं लिहून घेतलं. शेड राहिली.

तीन तारखेला शिल्पाचा बाप आला. तिनं त्याला शेडमंदी नेलं, पाट टाकून बसवलं, रस पाजला. तो सांजच्या गाडीनं एकटाच गेला. शिल्पानं सांजंला नेहमीसारख्या भाकऱ्या थापल्या. मी चुलीपाशी बसले व्हते, उगंच.

आता तू ये. दसऱ्याला ये, कारन सांगू नको. गाव व्हतं का नव्हतं ते मी दाखवते. तुला येत न्हाई ना, मग मला येतो ते मी सांगत जाईन, तू ऐकत जा.

साखरा

◆

लातूर
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय साखरा,

काल दुपारी घरी पोचले. गाडीत पूर्णवेळ तुझा आवाज कानात होता. "हितं शेणकाला. हितं ओला कडबा, चिखल मिसळून. थांब, आता वाऱ्यावर कुनाचं तरी कांदा-खोबरं भाजून राहिलं, वैजनाथच्या घरचं, करपवलं बाईनं." दोन दिवस माझा हात धरून तू मला गावभर फिरवलंस आणि एक पाऊल गप्प राहिली नाहीस. शाळेमागची विहीर बुजवलीय, ते झाड नाही, बाबांचा वर्ग आता अंगणवाडीत गेला. तरी एकदाही मला ते गाव नव्हतं असं वाटलं नाही. तू खडूच्या वासाजवळ जरा अडलीस आणि म्हणालीस, ह्याला शब्द न्हाई गं, तुझ्या बापाच्या सदऱ्याचा यायचा तो. मला तेवढं पुरलं.

शिल्पाला सांग, ती बंबापाशी बसून मला "मॅडम" म्हणाली नाही, "मावशी" म्हणाली, हे मी ऐकलं.

आता इथलं. कुलूप काढत होते तर पुनम तिच्या दारातून म्हणाली, मावशी, तुमच्या अंगाला किती छान वास येतोय, काय लावलंत? माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, तेच सर्दीचं. पण मी म्हणाले, पुनम, मला वास येत नाही. साडेतीन वर्षं झाली. तोंडानं असं पहिल्यांदा सांगितलं मी, साखरा. ती आत आली, माझा पदर हातात घेतला, नाकाशी धरला आणि म्हणाली, थांबा, सांगते.

मोसंबी, म्हणाली. धूर. थोडं तांबं आहे का? आणि काहीतरी म्हशीसारखं. तुझ्याइतकं तिला जमत नाही, निम्मं चुकीचं सांगत असणार. इराला रात्री फोन केला आणि तिलाही सांगितलं. ती रडली, मग रागावली, अगदी तुझ्यासारखी.

ती साडी मी अजून धुतलेली नाही.

तुझी
मालू